आजी आत आहेत

आमच्या टूरचं छापील नाव 'सोल : परंपरा आणि खरेदी, एक दिवस' असं आहे. सकाळी राजवाडा, मग नमस्काराचा वर्ग, दुपारी इन्साडोंगच्या गल्ल्या, शेवटी बाजार. अकरा वर्षं मी पिवळी छत्री उंच धरून याच रस्त्यानं चालते आहे. माझ्यामागे बहुतेक वेळा परदेशी पाहुणे असतात. ते मान डोलावतात, फोटो काढतात आणि उलट बोलत नाहीत, म्हणून मला ते आवडतात.

त्या गुरुवारी मात्र आमच्याच दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावातल्या अकरा बायका आल्या. सगळ्या कालवं फोडणाऱ्या. थंडीभर शेडमध्ये उभं राहून कालवं फोडायची आणि हंगाम संपला की जूनमध्ये सगळ्यांनी मिळून कुठंतरी फिरायला जायचं, असा त्यांचा नेम. पहाटे तीनला निघाल्या होत्या. राजवाड्याच्या दारात मला भेटल्या तेव्हा अंडी आणि रताळी खाऊन झाली होती, आणि पुढच्या तासाभरात त्यांनी माझं डोकंही खाऊन संपवलं.

राणीच्या महालाची चूल दाखवली तर एक म्हणाली, "धूर कोंडत असणार हिचा. कुणी बांधली?" लोणच्याच्या मडक्यांची रांग दाखवली तर दुसरीनं झाकण उचलून आत नाक घातलं आणि मडकं रिकामं बघून माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच सगळं लोणचं चाटून संपवलंय.

नमस्काराच्या वर्गात तर त्यांनी कहरच केला. मी पाठ केलेलं बोलायला लागले. उजवा हात डाव्यावर, हात कपाळाशी, मग सावकाश खाली.

"जिवंत माणसाला एकदा," मी म्हणाले, "गेलेल्या माणसाला दोनदा."

"गाईडताई," माल्जा नावाची ठसठशीत बाई म्हणाली, "हे शिकायला आम्ही पाच तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली?"

"शिका, शिका. नवऱ्यापुढे चुकून दोनदा कराल."

"चुकून कशाला! सकाळी तो तसा पसरलेला दिसला की मला रोज प्रश्न पडतो, एक करू का दोन!"

सगळ्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. हसली नाही ती एकटी ओकबुन. साठ-बासष्टची, वाळकी, हाताची बोटं मिठाच्या पाण्यानं फुगलेली आणि बारीक बारीक वणांनी भरलेली. तिला सगळ्या 'ग्युहोची आई' म्हणत होत्या. ती सबंध सकाळ मागे मागे चालत होती आणि छातीशी एक गाठोडं धरून होती. दोनदा मी तिला म्हटलं, बसमध्ये ठेवा ते. दोन्ही वेळा तिनं 'हो' म्हटलं आणि ठेवलं नाही. अशी माणसं माझ्या डोक्यात जातात.

इन्साडोंगकडे जाताना माल्जा बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि आवाज खाली आणून बोलायला लागली. तिचा खालचा आवाज मागच्या चार सीटपर्यंत पोचत होता.

"शनिवारी ग्युहोचं लग्न आहे. मुलगी सोलची. चांगली आहे हो, बॅंकेत आहे. पण ही बया म्हणते, लग्नात माझा हात कशालाही लागायला नको. एकोणीस वर्षं झाली हिच्या नवऱ्याला समुद्रानं नेऊन. मेणबत्तीसुद्धा जाऊबाई लावणार म्हणे."

लग्नाच्या हॉलमध्ये सुरुवातीला दोघांच्या आया हातात हात घालून पुढे जातात आणि एकेक मेणबत्ती लावतात. मुलाची आई निळी, मुलीची आई तांबडी. मुलाची आई जिवंत असून जाऊबाईनं निळी मेणबत्ती लावायची, हे मला ऐकायलाच कसंसं झालं.

"हे काय खूळ आहे?" मी म्हणाले.

"खूळ खरं," माल्जा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण सुरू मीच केलं असेल. माझ्या पोरीच्या लग्नाची रजई शिवायला आम्ही सगळ्या बसलो होतो. हिचा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी हिच्या हातातली सुई काढून घेतली. म्हटलं, तू बस गं, दमली असशील. तेव्हापासून हिनं कुणाच्या लग्नात कशाला हात लावलेला नाही."

ओकबुननं मागच्या सीटवरून हे सगळं ऐकलं असणार. ती उठून पुढे आली आणि माझ्या खांद्याला बोट लावून म्हणाली, "ताई, तुमच्या टूरमधले ते लाकडी हंस करणारे आजोबा... त्यांची बायको आहे ना? खरंच?"

"आहे म्हणजे काय! एक्कावन्न वर्षांचा संसार आहे."

"मग मी त्यांच्याकडूनच घेईन. आणि आजींना म्हणेन, एकदा हात लावून द्या." तिनं गाठोड्यावरून हात फिरवला. "त्यांच्यासाठी सुके मासे आणलेत. मी निवडून वाळवलेत."

तेव्हा कुठं मला ते गाठोडं कळलं.

लग्नात मुलाकडून मुलीच्या आईला लाकडी हंसांची जोडी द्यायची असते. कुणीही कोरलेली चालत नाही. ज्याचा संसार सुखाचा झाला, ज्याची बायको शेजारी आहे, अशा माणसानंच ती कोरायची. हाम आजोबांचं दुकान माझ्या टूरमध्ये याच एका गोष्टीवर चालायचं. गल्लीच्या टोकाला छोटी खोली, मागे पडदा, पडद्याआड त्यांचं बिऱ्हाड. मी भाषण करायचे आणि शेवटी म्हणायचे, "आणि आजी आत आहेत!" मग पडदा हलायचा, आजी बार्लीचा चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "या माणसाबरोबर एक्कावन्न वर्षं काढणं म्हणजे काय ते मला विचारा." पाहुणे हसायचे, हंस खपायचे.

फेब्रुवारीत दुकान आठ-दहा दिवस बंद होतं. उघडलं त्या दिवशी माझ्यामागे तीस माणसं होती आणि मी वीस मिनिटं उशिरा होते. भाषण उरकून मी म्हणाले, "आणि आजी आत आहेत, हो ना आजोबा?" आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. चहा आला नाही. मला वाटलं, गुडघे धरले असतील. त्यानंतर चहा कधीच आला नाही आणि मी कधीच विचारलं नाही.

त्या गुरुवारीही मी भाषण केलं. बायकांनी माना उंचावून फडताळ बघितलं. फडताळ जवळजवळ रिकामं होतं. वरच्या फळीवर एकच जोडी, नुसत्या लाकडाची, रंग नसलेली.

"मादीच्या चोचीला दोरा बांधतात तो कुठंय?" एकीनं विचारलं.

"बायकोनं तोंड बंद ठेवावं म्हणून ना तो?" माल्जा म्हणाली. "आमच्याकडे तो नराला बांधायला पाहिजे. दोर लागेल, नुसत्या दोऱ्यानं भागायचं नाही."

हशा झाला. मी नऊजणींना समोरच्या दुकानात तांदळाच्या वड्या खायला पाठवलं आणि अर्ध्या तासाची वेळ दिली. माल्जा आणि ओकबुन मागे राहिल्या.

"आजोबा, ती जोडी मला हवी," ओकबुन म्हणाली. "आणि आजींना भेटायचंय. त्यांनी एकदा हात लावला की झालं."

आजोबांच्या हातात पॉलिशचं फडकं होतं. त्याची त्यांनी घडी घातली, मोडली, परत घातली.

"झोपली आहे ती."

"उठवत नाही. हे नुसतं उशाशी ठेवते." आणि ती गाठोडं घेऊन पडद्याआड गेलीसुद्धा. सबंध दिवस मागे राहणारी बाई एवढी चपळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

आजोबा उठले नाहीत. एक मिनिट गेलं, दोन गेली. माल्जानं मला ढोसलं, "बघा जरा. ही एरवी गप्प, पण बोलणं एकदा सुरू झालं की थांबत नाही. म्हातारीला झोपू द्यायची नाही."

मी पडदा बाजूला केला.

ओकबुन जमिनीवर कपाळ टेकून वाकलेली होती. ती सावकाश उठली, हात पुन्हा कपाळाशी नेले आणि पुन्हा वाकली.

दोनदा.

तिच्यासमोर एक बुटकं टेबल होतं. त्यावर सूप, तळलेला मासा, मुळ्याचं लोणचं आणि पांढऱ्या भाताचा वाडगा. भातात चमचा सरळ उभा रोवलेला होता. आमच्याकडे जिवंत माणसाच्या भातात चमचा कुणी उभा रोवत नाही. लहान मुलानं खेळता खेळता रोवला तरी आई फटका देते. टेबलामागे भिंतीला टेकून आजींचा फोटो होता आणि फोटोत त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी तिथंच उंबऱ्यात खाली बसले. मला मोजायचं नव्हतं, पण मन मोजत गेलं. आठवड्यातून तीनदा, चार महिने. तेवढ्या वेळा मी या बाईला तिच्या नवऱ्यासमोर 'आत आहे' म्हटलं होतं. हसत हसत, छत्री उंच करून. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ओकबुननं गाठोडं सोडलं, मूठभर मासे काढून सुपाच्या वाडग्याजवळ ठेवले आणि बाहेर आली. आम्ही तिघी आजोबांसमोर उभ्या राहिलो. माल्जाला काही विचारावं लागलं नाही. ओकबुनचा चेहरा पुरेसा होता.

"कधी?" मी विचारलं.

"फेब्रुवारीत," आजोबा म्हणाले. "दुकान बंद होतं तेव्हा."

"मला सांगायचं नाही का, आजोबा? मी एवढ्यांदा..." मला पुढे बोलता येईना आणि बोलता येईना म्हणून रागही आला. "मला गप्प करायला हवं होतंत!"

"तू विचारलंस, 'आत आहेत, हो ना?' तीस माणसं बघत होती. म्हटलं, हो म्हणून टाकू." त्यांनी फडक्याची परत घडी घातली. "मग बरं वाटायला लागलं. आठवड्यातून तीनदा कुणीतरी येऊन सांगतं की ती आत आहे. मी दुपारीच भात वाढून ठेवतो, तू यायच्या आधी."

समोरच्या दुकानातून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

माल्जानं ओकबुनचा दंड धरला. "चल, ग्युहोची आई. बाजारात ढीगभर मिळतील. वाईट वाटून घेऊ नका आजोबा, पण लग्नाचं काम आहे. हिला आधीच नाही नाही ते वाटतं. आता तुमच्या हातचं घेतलं तर रात्रंदिवस झुरत बसेल."

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "मी विकणारच नव्हतो ती. बाकीच्या जुन्या होत्या, तिची तब्येत चांगली होती तेव्हाच्या. त्या संपल्या. बायको नसलेल्या माणसानं हंस कोरायचे नसतात. हत्यारं पुसून ठेवली मी."

ओकबुन दंड सोडवून फडताळाकडे गेली. पण हात पाठीमागेच ठेवले.

"ही कधी कोरली?"

"दवाखान्यात. तिच्या पलंगाशी बसून. ढलप्या चादरीवर उडायच्या, ती आरडाओरडा करायची. नर्सला म्हणायची, आधी याला बाहेर काढा, मग मला सुई टोचा."

"त्यांनी बघितली?"

"नर बघितला. म्हणाली, मान वाकडी केलीस, स्वतःसारखी." आजोबांच्या तोंडावर हसू आलं, गेलं. "मादी झाली तेव्हा बोलणं बंद झालं होतं. नुसती हातात धरून ठेवली. संध्याकाळपर्यंत सोडली नाही. चोचीला दोरा तीच बांधायची नेहमी. तो राहिला."

ओकबुन त्या मादीकडे बघत राहिली. मला तिचा नुसता एक गाल दिसत होता. मग ती बोलली, तेव्हा आवाज अगदी रोजचा होता, भाजीचा भाव विचारावा तसा.

"आत भात गरम आहे आजोबा. मी वाडग्याला हात लावून बघितला."

"दोन वाजता वाढतो."

"मीही वाढायची. तीन वर्षं वाढला. मग सगळे म्हणाले, पुरे, गेलेलं माणूस गेलं, आता तुझा संसार संपला." ती माल्जाकडे वळली. "तू म्हणालीस, जावा म्हणाल्या, मीही म्हणाले. आणि या माणसाचा संसार काय संपलेला दिसतो का गं तुला?"

माल्जा पडद्याकडे बघायला लागली.

"आजींचा हात लागायला हवा होता, तो लागलाय," ओकबुन म्हणाली. "अख्खी संध्याकाळ लागलाय. मला हीच पाहिजे. आजोबा, बांधून द्या."

आजोबांनी खणातून चोचीचा दोरा आणि रेशमी रुमाल काढला, एका बाजूनं निळा, दुसऱ्या बाजूनं तांबडा. जोडी मधोमध ठेवली, चारी टोकं वर घेतली आणि तिथंच अडकले. छिन्नी धरणारी बोटं रेशमावरून घसरत होती. गाठ बसेना. एकदा सुटली, दोनदा सुटली. "हेही तीच करायची," ते म्हणाले.

मी पुढे होणार होते. तेवढ्यात ओकबुननं पाठीमागचे हात पुढे घेतले. त्या हातांकडे तिनं क्षणभर असं बघितलं की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मग तिनं आधी दोरा उचलला, मादीच्या चोचीजवळ नेला आणि परत ठेवून दिला.

"नको. आजींनी उघडी ठेवली, उघडीच राहू दे. सुनेला माझ्याशी बोलायचं असेल तर?"

तिनं चारही टोकं ओढून घेतली. पहिली गाठ पडली. फुगलेल्या बोटांना रेशीम अडकत होतं आणि ती दातांवर दात रोवून ओढत होती.

"बोट ठेव गं," ती माल्जाला म्हणाली.

"कुठं?"

"इथं. गाठीवर. दाबून धर. सुई काढून घ्यायला बरी पटकन आली होतीस!"

माल्जानं बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. "ओढ की मग," ती नाकातून म्हणाली, "माझं बोट बांधून लग्नात नेणार आहेस काय?"

आम्ही बाजारात पाऊण तास उशिरा पोचलो. अकरा वर्षांत माझी टूर इतकी उशिरा कधी झाली नाही, आणि त्या दिवशी मी कुणावर ओरडलेही नाही. निघण्याआधी मी आजोबांना एक गोष्ट विचारली होती. अकरा वर्षं मी ज्यांच्या नावावर भाषण करत होते, त्या आजींचं नाव काय होतं?

"दाल्ले," ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी मी परदेशी पाहुणे घेऊन त्या गल्लीत गेले, पण त्यांना समोरच्या दुकानात सोडलं आणि एकटीच रस्ता ओलांडला. छत्री मिटली होती. आजोबा रिकाम्या फडताळाखाली बसले होते. मी फोन पुढे केला. रविवारी माल्जानं पाठवलेला फोटो होता.

लग्नाचा हॉल. टेबलावर लाकडी हंसांची जोडी, मादीची चोच मोकळी. त्यामागे निळ्या हानबोकमध्ये, आमच्या सणासुदीच्या पोशाखात, ओकबुन. जाऊबाई कुठं दिसत नव्हती. तोंड घट्ट मिटलेलं, कपाळाला आठ्या, आणि फुगलेल्या, वणांनी भरलेल्या हातानं ती निळी मेणबत्ती लावत होती.

आजोबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि फोन नाकाजवळ धरला.

"मान खरंच वाकडी आहे की नराची," ते म्हणाले.

मग उठले. माझा फोन दोन्ही हातांत धरून, पडदा खांद्यानं बाजूला करत ते आत गेले, तिला दाखवायला.